बावन्नाव्या वर्षी क्लच सापडला

या ड्रायव्हिंग क्लासला पाचपैकी चार तारे. एक कापला तो वेळेसाठी. सातची बॅच म्हणजे सव्वासात धरून चाला. गाडीचा एसीही नावालाच आहे.

साताऱ्यातला हा माझा दुसरा ड्रायव्हिंग क्लास. पहिल्या ठिकाणचे (नाव घेत नाही) सर शेजारी बसून डॅशबोर्डवर अंगठी आपटायचे. "पाय कुठंय? अहो बाई, पाय!" दहा दिवसांनी मला त्या अंगठीतला लाल खडा लख्ख आठवत होता, हाफ क्लच (क्लच अर्धवट सोडल्यावर गाडी सरकू लागते ती जागा) कुठे येतो ते मात्र शून्य. मी अकरावी-बारावीला जीवशास्त्र शिकवते. माणूस घाबरला की मेंदूतला बदामाएवढा अमिग्डाला धोक्याची खूण पक्की करून ठेवतो आणि त्या गडबडीत धडा निसटतो, हे मुलांना मीच सांगते! यर्क्स आणि डॉडसन या मानसशास्त्रज्ञांनी 1908 मध्ये उंदरांना विजेचे झटके देऊन उजेड-अंधारातला फरक शिकवला होता. फरक ढोबळ असताना जोराचा झटका चालून गेला. फरक बारीक झाल्यावर त्याच झटक्याने शिकणं लांबलं. क्लच, गिअर, आरसा आणि आडवी येणारी रिक्षा हे एकदम सांभाळणं माझ्यासाठी बारीकच काम.

इथल्या ताई माझ्या लेकीच्या वयाच्या. पहिल्याच दिवशी वाकून आपल्या पायाजवळचा ब्रेक दाखवला. "काकू, हा माझ्याकडे आहे, तुम्ही निवांत चुका." मग मैदानात गाडी सुरू करून म्हणाल्या, ॲक्सिलरेटरला पायच लावू नका. क्लच हळूहळू सोडा, तळव्याला बारीक थरथर लागली की थांबा. सात वेळा गाडी बंद पडली. सातही वेळा त्या एवढंच म्हणाल्या, "परत." आठव्यांदा थरथर लागली आणि गाडी मुंगीसारखी सरकली.

चौदाव्या दिवशी बोगद्याकडच्या चढावर मागून टेम्पोने हॉर्न मारला आणि पाय पुन्हा लटपटला, गाडी हातभर मागे! जुनी भीती पुसली जात नाही, नवं शिकणं तिच्यावर बसतं. तसा हॉर्न वाजला की खालची वर येते. ताई टेम्पोकडे न बघता म्हणाल्या, "वाजवू दे त्याला. हँडब्रेक ओढा. आता थरथर शोधा." सापडली.

वीस दिवसांचे सहा हजार, आरटीओच्या परीक्षेला गाडी त्यांचीच. सहाची बॅच मागून घ्या, तेव्हा टेम्पो नसतात.