'अ ग्रेट अँड टेरिबल ब्यूटी': शाळा जमली, मुंबई हुकली

लिब्बा ब्रे या अमेरिकन लेखिकेची 'अ ग्रेट अँड टेरिबल ब्यूटी' ही इंग्रजी कादंबरी 2003 मध्ये प्रसिद्ध झाली. कुमारवयीन वाचकांसाठी लिहिलेल्या या चारशेहून अधिक पानांच्या कथेत इतिहास, अद्भुत आणि प्रेम या तिन्ही गोष्टी एकत्र आणल्या आहेत. कथा 1895 सालच्या मुंबईत सुरू होते. जेमा डॉयल या इंग्रज मुलीच्या सोळाव्या वाढदिवशीच तिच्या आईचा भयंकर आणि गूढ मृत्यू होतो, जेमाला तो दृष्टान्तासारखा दिसतो, आणि कुटुंबाची अब्रू राखण्यासाठी आई पटकीने गेली असे जगाला सांगितले जाते. त्यानंतर तिची रवानगी इंग्लंडमधल्या स्पेन्स अकादमी या मुलींच्या निवासी शाळेत होते.

कादंबरीचा खरा जीव या शाळेत आहे. फ्रेंच, चित्रकला, संगीत, नृत्य आणि सभेत कसे बसावे, किती बोलावे याचे शिक्षण देणारी ही शाळा प्रत्यक्षात मुलींना लग्नाच्या बाजारासाठी तयार करते, आणि हे तिथल्या प्रत्येक मुलीला पुरते ठाऊक आहे. पिप्पा देखणी आहे, पण वडिलांनी जुगारात केलेले कर्ज फेडायचे असल्यामुळे तिचे लग्न वयाने बऱ्याच मोठ्या, पैसेवाल्या वकिलाशी ठरवले जाते, आणि तिला येणाऱ्या अपस्माराच्या झटक्यांची वाच्यता होऊ नये म्हणून घरचे धडपडत असतात. ॲन शिष्यवृत्तीवर शिकते. पुढे नातेवाइकांच्या मुलांची गव्हर्नेस, म्हणजे घरी राहून शिकवणारी शिक्षिका, होण्यापलीकडे तिला भविष्य नाही. नौदलातल्या ॲडमिरलची मुलगी फेलिसिटी सत्तेची भुकेली आहे, आणि वर्गातल्या कोणत्या मुलीला जवळ करायचे व कोणाला वाळीत टाकायचे हे तीच ठरवते. या चौघींची मैत्री प्रेमातून जुळत नाही. एकमेकींची गुपिते हाती लागल्यामुळे ती जुळते, आणि म्हणूनच ती पटते. नव्या मुलीला वर्गाने आधी छळावे, मग तिच्याकडून काही मिळेल असे दिसताच तिला आपल्यात ओढावे, हा वसतिगृहातला व्यवहार लेखिकेने निर्दयपणे आणि अचूक टिपला आहे.

अद्भुताचा धागा या वास्तवाला बऱ्यापैकी चिकटून राहतो. शाळेतल्या एका जुन्या विद्यार्थिनीची डायरी जेमाच्या हाती लागते, तिच्यातून स्त्रियांच्या एका प्राचीन गुप्त मंडळाचा पत्ता लागतो आणि जेमा आपल्या शक्तीने मैत्रिणींना एका दुसऱ्याच जगात नेऊ लागते. तिथे प्रत्येकीला हवे ते मिळते: एकीला सत्ता, एकीला खरे प्रेम, एकीला सौंदर्य आणि जेमाला तिची गेलेली आई. ही जादू फार नवी नाही, तिचे नियमही सैल आहेत, आणि शत्रू कोण याचा अंदाज सराईत वाचकाला लवकर येतो. तरीही ते जग अर्थपूर्ण वाटते, कारण मुलींना तिथे जे मिळते त्यातले बहुतेक काही 1895 च्या इंग्लंडमध्ये त्यांना कायद्याने आणि रिवाजाने नाकारलेले आहे. विवाहित स्त्रीला स्वतःची मालमत्ता बाळगता येईल असा कायदा तिथे 1882 मध्ये झाला होता आणि केंब्रिजचे गर्टन कॉलेज 1869 पासून मुलींना शिकवत होते. पण स्त्रियांना पदवी द्यावी की नाही या प्रश्नावर 1897 मध्ये मतदान झाले तेव्हा त्याच विद्यापीठाने नकार दिला. पिप्पाच्या हातात तर मालमत्ताही नाही आणि पदवीही नाही.

चित्रकलेच्या शिक्षिका मिस मूर मुलींशी इंग्रज कवी टेनिसनच्या 'द लेडी ऑफ शालॉट' या कवितेविषयी बोलतात, तो प्रसंग संपूर्ण कादंबरीतला सर्वांत विचारपूर्वक लिहिलेला आहे. मनोऱ्यात कोंडलेली, आरशातल्या सावल्या पाहत विणत बसणारी आणि बाहेर पाहताच शापाने मरणारी ती स्त्री या मुलींना परकी वाटत नाही. कवितेचा हा वापर शोभेसाठी केलेला नाही, पुढच्या घटनांना त्याचा आधार आहे.

प्रेमकथेबद्दल मात्र तक्रार आहे. जेमाच्या मागावर इंग्लंडपर्यंत आलेला कार्तिक हा तरुण भारतीय 'रक्षण' नावाच्या पुरुषांच्या गुप्त संघटनेचा सदस्य आहे. दृष्टान्तांपासून मन मिटून घे, असा इशारा तो तिला देतो आणि शाळेजवळच्या जिप्सींच्या तळावर राहतो. इंग्रज मुलगी आणि भारतीय मुलगा यांच्यातले आकर्षण त्या काळात किती स्फोटक ठरले असते, याची जाणीव लेखिकेला आहे. पण तीन भागांच्या मालिकेतल्या या पहिल्या भागात कार्तिक बहुतेक वेळा झाडाआडून पाहणारा, धमकावणारा आणि स्वप्नात येणारा देखणा चेहराच राहतो. त्याचे घर, त्याची भाषा, इंग्रजांच्या देशात वावरताना त्याला वाटणारी भीती किंवा संताप, यांविषयी कथेला फारशी उत्सुकता नाही. परिणामी कादंबरीतली खरी प्रेमकथा चार मैत्रिणींचीच ठरते. कार्तिक आणि जेमाची कथा पुढच्या भागांसाठी राखून ठेवल्यासारखी वाटते.

हीच गत मुंबईची. नाग, बाजार, धूळ, उकाडा आणि लंडनला जाण्यासाठी आईशी भांडणारी मुलगी, एवढ्यावर हे शहर आटोपते. कुरकुरणाऱ्या सोळा वर्षांच्या मुलीच्या नजरेतून दिसणारे शहर असेच असणार, हा बचाव काही अंशी मान्य करता येईल. तरी मराठी वाचकाला चुटपुट लागते, कारण लेखिकेला हवे असलेले सगळे त्या शहरात खरोखरच होते. गूढविद्येचा अभ्यास करणाऱ्या थिऑसॉफिकल सोसायटी या संस्थेचे मुख्य ठाणे मद्रासच्या अड्यारला जाण्यापूर्वी, 1879 ते 1882 या काळात, मुंबईतच होते. म्हणजे गूढविद्येत रमणाऱ्या युरोपीय मंडळींसाठी हे शहर अनोळखी नव्हते. त्याहून महत्त्वाची गोष्ट रखमाबाईंची. बालपणी लावून दिलेले लग्न नाकारून त्या मुंबईच्या न्यायालयात उभ्या राहिल्या, 1887 मध्ये नवऱ्याकडे जाण्याऐवजी तुरुंगात जाण्याची तयारी त्यांनी दाखवली, आणि पुढे लंडनला जाऊन 1894 मध्ये वैद्यकीय शिक्षण पुरे केले. नको असलेल्या लग्नाच्या विचाराने पिप्पा ज्या देशात खचते, त्याच देशात वर्षभर आधी मुंबईची एक स्त्री डॉक्टर होत होती. कथेने रखमाबाईंना पात्र करायला हवे होते असे नाही. पण मुंबईहून निघालेल्या नायिकेच्या कानावर त्या गाजलेल्या खटल्याची कुजबुज आली असती, तरी पहिल्या प्रकरणांना आणि शाळेला जोडणारा एक मजबूत धागा मिळाला असता.

निवेदन जेमाच्या तोंडून आणि वर्तमानकाळात आहे. तिची तिरकस विनोदबुद्धी वाचताना मजा आणते. काही संवाद मात्र 1895 पेक्षा 2003 चे जास्त वाटतात. इंग्रजी सोपे असले, तरी अगदी लहान वाचकांच्या हाती पुस्तक देण्यापूर्वी मोठ्यांनी ते चाळावे, कारण त्यात आत्महत्या, स्वतःला इजा करून घेणारी मुलगी आणि अफूमिश्रित लॉडनमच्या आहारी गेलेले वडील येतात, आणि यांतले काहीही सौम्य करून सांगितलेले नाही. शेवट धक्कादायक आहे, पण अपुरा नाही. 'रिबेल एंजल्स' (2005) आणि 'द स्वीट फार थिंग' (2007) हे पुढचे भाग न वाचताही हे पुस्तक स्वतंत्रपणे उभे राहते. वसतिगृहातल्या मुलींच्या कथा आवडणाऱ्यांनी ते अवश्य घ्यावे. केवळ प्रेमकथेसाठी घेणार असाल, तर तिन्ही भाग वाचण्याची तयारी ठेवूनच घ्या.