‘साउंड ऑफ नॉइज’: सात महिन्यांत पाच वेळा बघितल्यावर

भाद्रपदात भाच्याने डीव्हीडी हातात दिली आणि म्हणाला, “मामा, तू पखवाज वाजवतोस ना, मग हा बघच.” शिमगा होऊन गेला, तरी सिनेमा डोक्यातून उतरलेला नाही. मालवणात आमच्या घरी आतापर्यंत पाच वेळा लावून झाला.

२०१० चा स्वीडिश सिनेमा, दिग्दर्शक ओला सिमोनसन आणि योहानेस शेर्ने निल्सन. सहा वादक अख्खं शहर वाद्य म्हणून वाजवायचं ठरवतात. चार भागांची रचना, आणि प्रत्येक भाग वेगळ्या ठिकाणी, परवानगी न घेता. ऑपरेशन थिएटरात टेबलावरच्या माणसाचं शरीर आणि भोवतालची यंत्रं वाजवतात, तर शेवटच्या भागात उच्च दाबाच्या विजेच्या तारांवर लोंबकळत वाजवतात. तेव्हा आमच्या आईने डोळेच मिटून घेतले. वादकांत बहुतेक जण खरे ड्रमवाले आहेत, आणि ते मनगटावरून कळतं. अभिनेता उचलतो तसा हात ते उचलत नाहीत.

माझा जीव अडकला तो बँकेच्या भागात. मी पतसंस्थेत कॅशियर. शिक्का पॅडवर ‘थप’, पावतीवर ‘ठक’, हे दिवसभर करतो, पण कधी ऐकलं नव्हतं. पडद्यावर शिक्के, नाणी आणि नोटांचे तुकडे करणारं मशीन एका लयीत आलं आणि अंगावर सरसरून काटा आला. (नोटा फाडताना पाहून पोटात गोळाही आला, ते वेगळं.) दुसऱ्या दिवशी काउंटरवर बसलो तर शिक्का आपोआप केरव्याच्या आठ मात्रांत पडायला लागला. धा गे ना ती, न क धी न. आता बंदरावर बर्फ फोडणारं मशीन सुरू झालं की मी सम, म्हणजे ठेक्याची पहिली मात्रा, शोधत उभा राहतो. भजनात माझा हात यामुळे सुधारलाय. आमच्या बुवांनी ते न सांगता ओळखलं. मोकळी जागा मी आता भरत नाही, सोडून देतो.

तिसरा भाग मला कमी आवडला. बुलडोझर आणल्यावर आवाज मोठा होतो, पण ठेका हरवल्यासारखा वाटतो. प्रेमाचा धागाही जरा घाईत गुंडाळलाय. सबटायटल्स इंग्रजी, त्यामुळे घरच्यांना अधूनमधून थांबवून सांगावं लागलं.

पण पहिल्या खेपेला मी फक्त वादकांकडे बघत होतो. खरा सिनेमा त्यांच्या मागावर असलेल्या पोलिसाचा आहे, हे तिसऱ्या वेळी कळलं. नाव अमाडेउस, घराणं संगीताचं, भाऊ वाद्यवृंदाचा संचालक, आणि ह्याला संगीत कळतच नाही. ऐकलं की त्रास होतो. सुरुवातीला सगळे बाँब म्हणून घाबरतात ती वस्तू मेट्रोनोम, म्हणजे टकटक करून लय धरणारं यंत्र आहे, हे मात्र तोच ओळखतो, कारण लहानपण त्या टकटकीत गेलंय. पुढे तर त्या सहा जणांनी वाजवलेल्या वस्तूंचा आवाजच त्याला ऐकू येईनासा होतो. बेंग्ट निल्सनने तो माणूस इतका शांत उभा केलाय की बघताना घसा दाटतो.

आमचे बाबा भजनी बुवा होते. थोरल्या भावाला ताल कधीच आला नाही. टाळ हातात दिले की चुकायचे, लोक बघायचे, म्हणून आरतीला तो खळ्यात जाऊन उभा राहायचा. त्यावर घरात कुणी कधी बोललं नाही. चौथ्या वेळी तो माझ्या शेजारी बसून सगळा सिनेमा बघत होता. संपल्यावर पाणी प्यायला आणि म्हणाला, “माका ह्यो पोलीस कळलो रे.”

पाचव्यांदा सिनेमा त्यानेच लावायला सांगितला.

बघायचाच असेल तर आधी ह्याच दिग्दर्शकांची २००१ ची छोटी फिल्म बघा. तेच सहा वादक, एक रिकामा फ्लॅट, दहा मिनिटांत स्वयंपाकघरापासून न्हाणीघरापर्यंत सगळं वाजवून मोकळे. मग हा लावा, आणि हेडफोन घालून.