आई एकटीच बाहेर पडते तेव्हा: दाराची घंटी, जीपीएस ट्रॅकर, टॅग आणि ओळखीचा बिल्ला

स्मृतिभ्रंशाच्या मधल्या टप्प्यात बऱ्याच जणींची आई कुणाला न सांगता घराबाहेर पडू लागते. बघणाऱ्याला ते भटकणं वाटतं, पण तिला मात्र कुठेतरी नक्की जायचं असतं. शाळा भरायची वेळ झालेली असते, भाजी आणायची असते, दिवेलागणीच्या आत माहेरी पोचायचं असतं. पन्नास वर्षांपूर्वीचं घर डोळ्यांसमोर लख्ख उभं असतं आणि हल्लीचा फ्लॅट परका वाटतो. सांभाळणाऱ्या मुलीची झोप उडते ती इथेच. मग ऑनलाइन शोधाशोध सुरू होते आणि ‘ज्येष्ठांसाठी’ म्हणून विकायला ठेवलेल्या दहा वस्तू समोर येतात.

या वस्तू पाहताना आमची कसोटी एकच आहे: वस्तू चालावी म्हणून आईला काही नवीन शिकावं किंवा लक्षात ठेवावं लागतं का? लागत असेल तर ती घेऊ नका, कितीही चांगली असली तरी. चार्ज करणं, रिचार्ज करणं, रोज अंगावर चढवणं ही सगळी कामं मुलीला किंवा मदतनीस बाईंना करता आली पाहिजेत.

या कसोटीवर लाल एसओएस बटणाची घड्याळं आणि लॉकेटं लगेच बाद होतात. हृदयविकाराच्या किंवा पडण्याची भीती असलेल्या माणसाला ती उपयोगी आहेत. पण मदतीचं बटण दाबायचं तर आधी आपण हरवलो आहोत हे कळावं लागतं, आणि आईला तेच कळत नाही. तिच्या मते ती बरोबर रस्त्यावर असते. घड्याळाच्या रूपातला ट्रॅकरही जिने आयुष्यभर मनगटी घड्याळ वापरलं तिच्याच हातावर टिकतो. बाकीच्या जणी ‘हे कुणाचं?’ म्हणून काढून ठेवतात, आणि मग ते उशीखाली किंवा डाळीच्या डब्यात सापडतं.

सुरुवात दारापासून करा. चुंबकाचा दार-सेन्सर ही या यादीतली सगळ्यात स्वस्त वस्तू आणि आमच्या मते सगळ्यात उपयोगाची. त्याचे दोन तुकडे असतात. मोठा चौकटीवर, लहान चुंबक दारावर. दोन्हींतलं अंतर वाढलं की आवाज होतो. साधे सेन्सर दोन-तीनशे रुपयांपासून मिळतात, पण त्यांचा भोंगा त्या तुकड्यातच असतो, म्हणजे कर्कश आवाज दारापाशी, आईच्या कानाशी होतो. ती दचकते, घाबरते आणि कधी कधी घाईने पुढेच पळते. म्हणून थोडे पैसे जास्त घालून दारावर सेन्सर आणि घंटी वेगळ्या खोलीत, असा बिनतारी संच घ्या. घंटीचा प्लग मुलीच्या खोलीत, आवाज बारीक, सूर मऊ. आईला काही ऐकू जात नाही आणि मुलगी अंथरुणातून उठते, एवढंच त्याचं काम.

आपल्याकडच्या इमारतींमध्ये हा सेन्सर फसतो तो बहुतेक लोखंडी सेफ्टी दारामुळे. चुंबक थेट लोखंडावर चिकटवला की त्याचा जोर लोखंडात जिरतो आणि सेन्सरला दार कायम उघडंच वाटतं. उपाय सोपा आहे: चुंबकाखाली सात-आठ मिलिमीटर जाडीचा लाकडाचा किंवा फोमचा तुकडा द्या, किंवा सेन्सर आतल्या लाकडी दाराला लावा. दोन तुकड्यांमध्ये बंद दारात एक सेंटिमीटरपेक्षा जास्त फट नको. पावसाळ्यात लाकूड फुगतं, दार नीट बसत नाही, फट वाढते आणि रात्री दोन वाजता घंटी वाजते. जूनमध्ये एकदा तपासून तुकडा सरकवून घ्या. सोबत येणारी चिकटपट्टी डिस्टेंपरवर टिकत नाही. ऑइलपेंटवर लावायची असेल तर आधी स्पिरिटने पुसून, कोरडं करून लावा, आणि शक्य असेल तिथे दोन बारीक स्क्रू मारा. सेल महिन्याच्या एक तारखेला तपासा. बरेच स्वस्त सेन्सर सेल संपत आल्याचं काही सांगत नाहीत, गप्प होतात.

हालचाल ओळखणारे सेन्सर त्यापेक्षा कमी भरवशाचे. मांजर, पंख्याने उडणारा पडदा, आणि घरातलं कुणीही पाणी प्यायला उठलं तरी ते वाजतात. चार रात्रींत मुलगी वैतागून ते बंद करते. पलंगाशेजारी खाली, जमिनीपासून वीतभर उंचीवर, पलंगाच्या कडेच्या दिशेने लावला तर मात्र आई उठल्याचं कळायला बरा.

बाहेरून कुलूप लावून जाणं हा उपाय नाही. आग लागली, गॅस राहिला, आई पडली, तर आत शिरता येत नाही. त्याऐवजी कडी नेहमीच्या जागेवरून हलवा, दाराच्या अगदी वर किंवा अगदी खाली. हाताची सवय डोळ्यासमोरच्या उंचीवर कडी शोधते. नवीन जागा लक्षात राहत नाही, त्यामुळे एरवी त्रासाचं असलेलं विस्मरण इथे कामी येतं. घरात दुसरं जागं माणूस असेल तेव्हाच हेही करायचं.

आता जीपीएस ट्रॅकर. काड्यापेटीएवढा, आत सिम घालायचा, साधारण तीन ते सहा हजारांपर्यंत. घेताना पहिला प्रश्न विचारा: हा २जी आहे की ४जी? दुकानात अजून २जीचे जुने नमुने पडून आहेत. जिओचं २जी जाळंच (नेटवर्क) नाही, त्यामुळे त्यात जिओचं सिम चालत नाही, आणि इतर कंपन्यांचं सिम घातलं तरी पुढची चार-पाच वर्षं ते चालेल याची खात्री धरता येत नाही. ४जीच घ्या. सिम आधी फोनमध्ये घालून त्याचा पिन (सिम सुरू होताना विचारला जाणारा आकडा) बंद करा, नाहीतर ट्रॅकर जाळ्यात शिरतच नाही आणि दोष यंत्राला दिला जातो.

जाहिरातीत नकाशावर ठिपका अचूक इमारतीवर असतो. प्रत्यक्षात उघड्या आकाशाखाली पाच-दहा मीटरचा फरक धरा. चाळीत, लिफ्टमध्ये, मॉलमध्ये, स्टेशनच्या छपराखाली उपग्रह दिसत नाहीत. मग यंत्र मोबाइल टॉवरवरून अंदाज बांधतं आणि ठिपका अर्धा किलोमीटर दूर जाऊ शकतो. चांगल्या अॅपमध्ये ठिपका उपग्रहावरून आला की टॉवरवरून हे वेगळ्या खुणेने दाखवतात. ही खूण नसलेलं अॅप घेऊ नका. आई रस्त्याच्या कुठल्या बाजूला आहे हे शोधताना हाच फरक महत्त्वाचा ठरतो. आईला देण्याआधी दोन दिवस मुलीने तो स्वतःच्या पर्समध्ये ठेवून फिरावं: घर, देऊळ, मंडई, बसस्टॉप. ठिपका किती उशिरा हलतो ते कळतं, आणि पळापळीच्या वेळी त्यावर किती विसंबायचं तेही.

अॅपमध्ये घराभोवती कुंपण आखता येतं. आई त्याबाहेर गेली की फोनवर सूचना येते. पन्नास मीटरचं कुंपण आखू नका, घरात बसलेल्या आईचा ठिपकाही तेवढा हलतो. दोनशे मीटर ठेवा. दर मिनिटाला ठिकाण कळवायला लावलं तर बॅटरी दिवसभर जेमतेम पुरते. दर दहा मिनिटांनी ठेवलं तर दोन-तीन दिवस जाते, पण दहा मिनिटांत आई रिक्षात बसून बरीच लांब गेलेली असू शकते. त्यामुळे एरवी दहा मिनिटं आणि कुंपण ओलांडलं की आपोआप एक मिनिट, अशी सोय असलेलंच यंत्र घ्या. या किमतीत हीच एक सोय जास्तीचे पैसे देण्यासारखी आहे.

ठेवायचा कुठे? पर्स आई विसरते, चपला बदलते किंवा अनवाणी जाते. पूर्वी बायका कनवटीला बटवा खोचत. जिला ती सवय होती तिला बटवाच द्या, आत ट्रॅकर, वर थोडी चिल्लर. हात बटव्याकडे जातो तेव्हा ओळखीची वस्तू लागते, काढून टाकावीशी वाटत नाही. इतरांसाठी परकराच्या नेफ्याखाली, डाव्या कुशीला, आतल्या बाजूने सुती कापडाचा आठ बाय सहा सेंटिमीटरचा खिसा शिवा, तोंडाला वेल्क्रो नको, टिचबटण लावा. वेल्क्रो खाजतो आणि बोटं तिकडेच जातात. गाऊन घालणाऱ्या आईसाठी खिसा मागे, मानेखाली वीतभर, जिथे हात सहज पोचत नाही. पाठ टेकून बसताना किंवा झोपताना तो टोचत असेल तर जरा बाजूला घ्या. खिसे किमान चार कपड्यांना हवेत. चार्जिंगची वेळ आईच्या अंघोळीची: कपडे उतरले की यंत्र चार्जरवर, न्याहारीनंतर नव्या कपड्याच्या खिशात. धुण्याच्या बादलीत जाऊन बाद झालेले ट्रॅकर कमी नाहीत. आयपी६७ (पाण्यापासून बचावाची खूण) लिहिलेलं असलं तरी ती हमी स्वच्छ पाण्याची आहे, एक मीटर खोलीपर्यंत आणि अर्धा तास. साबणाचं गरम पाणी आणि मशीनचा घुसळा त्यात येत नाही.

आणि रिचार्ज. ट्रॅकर बंद पडण्याची सगळ्यात साधी आणि सगळ्यात नेहमीची कारणं दोनच: सिमची मुदत संपलेली किंवा अॅपची वार्षिक फी भरलेली नाही. सिम मुलीच्या नावावर, मुदत वर्षाची, संपण्याच्या आठवडाभर आधीचा गजर फोनमध्ये.

चावीला लावायचे ब्लूटूथ टॅग ट्रॅकरपेक्षा स्वस्त मिळतात, सिम लागत नाही, सीआर२०३२चा नाण्यासारखा सेल वर्षभर जातो. म्हणून मोह होतो. पण टॅगला स्वतःचं ठिकाण कळत नाही. जवळून जाणाऱ्या एखाद्याच्या फोनने त्याला पाहिलं तरच ठिपका हलतो. दादर किंवा लक्ष्मी रोडवर तो छान चालतो. गावाकडे, शेताच्या वाटेवर, पहाटे चार वाजता, तासन्‌तास गप्प. अँड्रॉइडच्या जाळ्यात मूळ सेटिंग गर्दीच्या जागांपुरतंच असतं, ते कुटुंबातल्या सगळ्यांच्या फोनवर ‘सर्व ठिकाणी’ असं बदलून घ्या. अॅपलने तर स्पष्ट म्हटलं आहे की त्यांचा टॅग वस्तूंसाठी आहे, माणसांसाठी नाही. त्याला कारणही आहे: पाळत रोखण्यासाठी तो मालकाच्या फोनपासून बराच वेळ दूर राहून हलला की स्वतःहून वाजतो. मुलगी ऑफिसात आणि आईच्या खिशातून अचानक आवाज, हे रोज सहन होणारं नाही. ट्रॅकरचं चार्जिंग संपलं तर असावा म्हणून दुसऱ्या कपड्यात एक टॅग ठेवायला हरकत नाही. एकट्या टॅगवर मात्र विसंबू नका.

सगळ्यात साधी वस्तू म्हणजे ओळखीचा बिल्ला, आणि तीच बहुतेक घरं शेवटी करतात. आई सापडते ती बहुतेकदा कुणीतरी अनोळखी माणूस थांबून विचारपूस करतो म्हणून. त्या माणसाच्या हातात फोन नंबर पडला पाहिजे. गळ्यातल्या दोऱ्यात किंवा चांदीच्या कड्यात स्टीलचा किंवा चांदीचा बिल्ला, सोनाराकडून खोल कोरून घ्या. वर रंगाने छापलेलं घामाने जातं. मजकूर एवढाच: आईचं नाव, ‘स्मरणशक्ती कमी आहे, कृपया फोन करा’, दोन वेगवेगळे मोबाइल नंबर. पत्ता नको. कोरायची लिपी देवनागरी, आकडे इंग्रजी अंकांत, म्हणजे परप्रांतीय रिक्षावाल्यालाही वाचता येतात. सोन्यात करू नका, सोनं अंगावर असणं हाच बाहेर पडलेल्या आईला धोका आहे.

क्यूआर कोडची लॉकेटंही मिळतात. मुंबईत ‘प्रोजेक्ट चेतना’ या उपक्रमाने ती चर्चेत आणली. कोड वाचल्यावर नातेवाइकांचा नंबर उघडतो. कल्पना चांगली आहे, पण फूलवाल्या मावशी कोड स्कॅन करतीलच असं नाही, म्हणून कोडच्या मागच्या बाजूला नंबर कोरलेला असलाच पाहिजे. शिवाय कोडमागची माहिती कुठल्या संस्थेच्या साइटवर आहे आणि ती साइट चालू आहे का, हे वर्षातून एकदा स्वतः स्कॅन करून बघा.

आईला हे सगळं विचारायचं का? आजाराच्या सुरुवातीला, जेव्हा ती नीट बोलू शकते तेव्हा, जरूर विचारा. ‘आई, तू बाहेर गेलीस की मला काळजी वाटते, हे जवळ ठेवशील?’ असं सरळ. त्या वेळी बऱ्याच आया हो म्हणतात आणि कुठे ठेवायचं तेही स्वतः ठरवतात. पुढे निवड करण्याची ताकद राहत नाही, तेव्हा मुलीला निदान तिचं तेव्हाचं म्हणणं माहीत असतं.

घंटी वाजली आणि आई दारात उभी आहे, ‘मला घरी जायचंय’ म्हणते आहे, तर ‘हेच तुझं घर’ हे वाक्य टाळा. त्याने वाद होतो आणि ती जोर लावते. ‘चल, मी येते सोबत’ म्हणा, चपला घाला, इमारतीला एक फेरी मारा, वाटेत तिच्या माहेरच्या अंगणाबद्दल विचारा. बहुतेक वेळा दहा-पंधरा मिनिटांत ती मुलीचा हात धरून परतते. संध्याकाळी पाच ते सातच्या दरम्यान हा ओढा रोज येत असेल तर तो येण्याआधीच, साडेचारला, फिरायला न्या. लघवीला जायचंय, भूक लागली आहे, बद्धकोष्ठ आहे, ही कारणंही तपासा. ती सांगता येत नाहीत म्हणून पाय दाराकडे वळतात.

आणि ती निघून गेलीच असेल तर ठिपक्याकडे बघत बसू नका. एकजण अॅप पाहील, एकजण पायी निघेल. आधी तिच्या जुन्या जागा: पूर्वीचं घर, शाळा, नेहमीचं देऊळ, एसटी स्टँड. ही यादी पत्त्यांसह आजच लिहून फ्रिजवर लावा. पंधरा-वीस मिनिटांत सापडली नाही तर ११२ला फोन आणि पोलीस ठाण्यात हरवल्याची (मिसिंग) तक्रार. चोवीस तास थांबावं लागतं असा कायदा नाही, कुणी तसं सांगितलं तर ठाण्याच्या प्रभारी अधिकाऱ्यांना भेटा. सकाळी कपडे घातल्यावर रोज आईचा एक फोटो फोनमध्ये काढून ठेवलेला असेल तर वर्णन देताना अडखळायला होत नाही. तोच फोटो, दोन नंबरांसह, सोसायटीच्या वॉचमनला, कोपऱ्यावरच्या रिक्षा स्टँडला आणि देवळाबाहेरच्या फूलवाल्यांना आधीच दिलेला असू द्या.