ॲपमधलं ‘ऑफलाइन’ की हातातली फाइल?

फोनवर व्हिडिओ उतरवायला नव्याने शिकणाऱ्यासमोर दोन वाटा असतात. एक, व्हिडिओच्या ॲपमध्येच खाली बाण असलेलं बटण दाबायचं आणि तिथंच नंतर पाहायचं. दुसरी, खरी फाइल फोनच्या किंवा संगणकाच्या डाउनलोड फोल्डरमध्ये उतरवायची आणि व्हीएलसीसारख्या प्लेयरमध्ये (व्हिडिओ वाजवणाऱ्या ॲपमध्ये) चालवायची. दोन्हींना लोक ‘डाउनलोड’च म्हणतात, आणि घोटाळा तिथूनच सुरू होतो. पहिल्या वाटेत तुमच्या हाती फाइल येत नाही, ठरावीक मुदतीपुरती पाहण्याची परवानगी येते.

माझा कल दुसऱ्या वाटेकडे आहे. तरी पहिलीचं जे चांगलं आहे ते आधी सांगतो, कारण ते थोडंथोडकं नाही. ॲपमध्ये साठवलेला व्हिडिओ उघडला की वाजतोच. आवाज कुठल्या कोडेकमध्ये (दाबून साठवण्याच्या पद्धतीत) आहे, सबटायटल वेगळ्या फाइलमध्ये आहे का, फोनला हा प्रकार झेपेल का, यातलं काही पाहावं लागत नाही. जिथं थांबलात तिथून पुढे सुरू होतो. मडगावहून कोकण रेल्वेने निघताना दोन भाग साठवायचे, रत्नागिरीपर्यंतच्या बोगद्यांत पाहायचे आणि पुसून टाकायचे, असं करणाऱ्याने फाइलच्या नादी लागायची गरज नाही.

माझ्यासाठी पारडं फिरवलं ते एकाच गोष्टीने. ॲपमधला व्हिडिओ फोनमध्ये असूनही कधी कधी नेमका रेंज नसताना उघडत नाही. हे का होतं ते समजून घेणं महत्त्वाचं, कारण पुष्कळांना वाटतं की आपण काहीतरी चुकीचं दाबलं. ॲप व्हिडिओ उतरवतं तेव्हा तो कुलूपबंद स्वरूपात, इतर ॲपना न दिसणाऱ्या जागेत ठेवतं. सोबत एक किल्ली येते आणि त्या किल्लीला मुदत असते. कुठे दोन दिवस, कुठे महिनाभर. काही ठिकाणी तर व्हिडिओ एकदा सुरू केला की मुदत आणखी आखडते. मुदत संपली की ॲप सर्व्हरकडे नवी किल्ली मागतं. व्हिडिओचे सातशे एमबी जागच्या जागी शाबूत असतात, फक्त किल्ली मेलेली असते. फोंड्यात किंवा म्हापशात बसून हे कळतच नाही, कारण नेट चालू असल्याने किल्ली गुपचूप नवी होत राहते. सत्तरीच्या आतल्या गावात, चोर्ला घाटात, काणकोणच्या डोंगराआड गेल्यावर कळतं. पावसाळ्यात वीज गेली, टॉवर बंद पडला, की घरबसल्याही कळतं. ज्या वेळेसाठी व्हिडिओ साठवला, नेमकी तीच वेळ तो नाकारतो.

यावर उपाय आहे, पण तो लक्षात ठेवावा लागतो. निघण्याआधी नेट चालू असताना ॲप उघडायचं, साठवलेल्या यादीत जायचं आणि प्रत्येक व्हिडिओ दोन सेकंद वाजवून बघायचा. मग फोन विमान मोडवर टाकून पुन्हा एकदा वाजवायचा. खात्यातून लॉग-आउट झालात, ॲपचा डेटा पुसला किंवा ॲप काढून परत घातलं, तर साठवलेलं सगळं गेलं असं समजा. आणि मेमरी कार्डावर साठवलं असलं तरी ते कार्ड दुसऱ्या फोनमध्ये घालून काही उपयोग नाही.

आता फाइलची वाट. पहिला प्रश्न, फाइल आणायची कुठून? जिथं मालकाने स्वतः उतरवू दिली आहे तिथूनच. इंटरनेट आर्काइव्हवर प्रताधिकारमुक्त चित्रपट आणि जुनी चित्रणं आहेत, विकिमीडिया कॉमन्सवर माहितीपर चित्रफिती आहेत, एनपीटेलची (आयआयटींच्या ऑनलाइन अभ्यासक्रमांची) व्याख्यानं विद्यार्थ्यांना उतरवता येतात. आणि आपल्याकडे सर्वांत जास्त येतात त्या घरच्या फाइली: भजनी मंडळाच्या तालमीचं रेकॉर्डिंग, देवळाच्या उत्सवात झालेल्या नाटकाचं चित्रण, घुमट या मातीच्या तालवाद्यावरच्या आरतीचा सराव. या बहुधा गूगल ड्राइव्हच्या लिंकने किंवा व्हॉट्सॲपवर येतात.

व्हॉट्सॲपवर येणार असेल तर पाठवणाऱ्याला एवढंच सांगा: व्हिडिओ म्हणून नको, ‘डॉक्युमेंट’ म्हणून पाठव. व्हिडिओ म्हणून पाठवला की तो दाबून लहान केला जातो आणि घुमटाचा खर्ज तिथंच पातळ होतो. डॉक्युमेंट म्हणून २ जीबीपर्यंतची फाइल जशीच्या तशी जाते. ड्राइव्हची लिंक उघडल्यावर ‘व्हिडिओवर प्रक्रिया चालू आहे’ असा संदेश दिसला तर थांबून राहू नका. तो तिथल्या तिथे पाहण्यापुरता असतो, फाइल तेव्हाही उतरवता येते. फाइल मोठी असली की विषाणूसाठी तपासता आली नाही अशी सूचना येते. पाठवणारा ओळखीचा असेल तर पुढे जा.

इंटरनेट आर्काइव्हवर नवशिक्या एका ठिकाणी हमखास अडतो. डाउनलोडच्या यादीतल्या नावावर टिचकी मारली की फाइल उतरण्याऐवजी ब्राउझरमध्येच वाजू लागते. फोनवर त्या नावावर बोट दाबून धरा, संगणकावर उजवी टिचकी द्या आणि लिंक सेव्ह करा. यादीत मूळ फाइल आणि तिची लहान केलेली एमपी४ अशा दोन्ही असतात. मूळ कधी कधी कित्येक जीबींची निघते, तेव्हा सगळ्या फाइली दाखवणारा दुवा उघडून आकार आधी पाहा. फोनसाठी लहान एमपी४ पुरते.

आकाराचा अंदाज बांधायला एक हिशेब पाठ करून ठेवा. व्हिडिओच्या दर सेकंदाला १ मेगाबिट माहिती म्हणजे तासाला ४५० एमबी. ७२०पी चा (७२० ओळींच्या चित्राचा) व्हिडिओ साधारण दीड ते अडीच मेगाबिटचा असतो, म्हणजे दोन तासांच्या नाटकाला सुमारे १.३५ ते २.२५ जीबी लागतात. रोज दीड जीबीचा पॅक असेल तर दिवसाचा डेटा एकाच फाइलीत संपला. अशी फाइल वायफायवरच उतरवावी.

डाउनलोड मध्येच तुटलं तर क्रोममध्ये फाइलच्या नावाच्या शेवटी ‘सीआरडाउनलोड’ आणि फायरफॉक्समध्ये ‘पार्ट’ असं राहतं. ते शेपूट काढून ‘एमपी४’ लिहिलं की चालेल असं वाटतं, पण बहुधा चालत नाही. एमपी४ मध्ये कुठलं चित्र कुठे आहे याची अनुक्रमणिका असते, आणि ती पुष्कळदा फाइलच्या अगदी शेवटी लिहिलेली असते. शेवट आलाच नाही तर प्लेयरला आधीच्या ९० टक्क्यांचंही काही करता येत नाही. एमकेव्ही आणि वेबएम प्रकारच्या फाइली याबाबतीत सोशीक आहेत, जेवढ्या उतरल्या तेवढ्या वाजतात. म्हणून नाव बदलू नका, ब्राउझरच्या डाउनलोड यादीतून ‘पुन्हा सुरू’ करा. ते नाकारलं गेलं तर बहुधा लिंकची मुदत संपलेली असते. मूळ पानावर जाऊन नवी लिंक घ्या. फोनवर उतरवत असाल तर बॅटरी सेव्हर बंद ठेवा, स्क्रीन विझल्यावर तोच डाउनलोड मारतो.

एक सावधगिरी. डाउनलोडची तीन-चार मोठी रंगीत बटणं असलेलं पान दिसलं की त्यातली बहुतेक जाहिराती असतात. उतरलेल्या फाइलचं शेपूट एपीके किंवा ईएक्सई (म्हणजे ॲप किंवा प्रोग्राम) असेल तर तो व्हिडिओ नव्हेच. न उघडता पुसून टाका. ‘हा व्हिडिओ पाहायला आमचा प्लेयर घाला’ असं सांगणारं पानही लगेच बंद करावं.

प्लेयरविषयी थोडक्यात. फोनसोबत येतो तो प्लेयर स्वतः काढलेल्या व्हिडिओंना उत्तम आहे. बाहेरून आलेल्या फाइलीत मात्र चित्र दिसतं आणि आवाज गायब, असं होतं. फाइल बिघडलेली नसते. आवाज बहुधा एसी३ किंवा डीटीएस प्रकारचा असतो आणि त्याचा परवाना फोन बनवणाऱ्याने घेतलेला नसतो. व्हीएलसी स्वतःचे डीकोडर (दाबलेला आवाज आणि चित्र उलगडणारे भाग) सोबत आणतो, म्हणून तिथं आवाज येतो. पॅरिसमधल्या एका अभियांत्रिकी संस्थेत विद्यार्थ्यांनी १९९६ मध्ये सुरू केलेला हा प्रकल्प २००१ पासून मुक्त स्रोत आहे आणि त्यात जाहिराती नाहीत. संगणकासाठी तो व्हिडिओलॅनच्या (तो बनवणाऱ्या संस्थेच्या) मूळ साइटवरूनच घ्यावा. २०२२ मध्ये ती साइट भारतात काही महिने उघडत नव्हती. नोव्हेंबरमध्ये पुन्हा सुरू झाली, तरी तेव्हाच्या सवयीने भलत्याच साइटवरून व्हीएलसी उतरवणारे अजून दिसतात.

व्हीएलसीलाही खोडी आहेत, नाही असं नाही. चित्र हिरवं किंवा चौकटी-चौकटींचं दिसलं तर सेटिंगमध्ये हार्डवेअर ॲक्सिलरेशन बंद करून पाहा. मग फोनचा मुख्य प्रोसेसर सगळं काम करतो. बॅटरी जास्त खातो, पण चित्र नीट येतं. एचईव्हीसी या नव्या दाबण्याच्या पद्धतीची फाइल एच.२६४ या जुन्या पद्धतीच्या जवळपास निम्म्या आकारात तेवढीच स्वच्छ असते, पण जुन्या फोनला झेपत नाही. मी पाहिलंय त्यावरून, साध्या जुन्या फोनवर ७२०पी कशीबशी निभावते आणि १०८०पी अडखळते. निवड असेल तर नवशिक्याने एच.२६४ ची एमपी४ घ्यावी.

सबटायटलची फाइल वेगळी असेल तर ती व्हिडिओच्याच फोल्डरमध्ये, व्हिडिओच्याच नावाने ठेवा, फक्त शेपूट वेगळं. व्हीएलसी ती आपोआप उचलतो. देवनागरीऐवजी चित्रविचित्र खुणा दिसल्या तर सबटायटलच्या सेटिंगमध्ये एन्कोडिंग (अक्षरं साठवण्याची पद्धत) यूटीएफ-८ करा. सबटायटल बोलण्याच्या मागेपुढे येत असतील तर संगणकावर ‘जी’ आणि ‘एच’ या कळांनी दर दाबाला ५० मिलिसेकंद सरकवता येतात. ओठ आणि आवाज जुळत नसेल तर तेच काम ‘जे’ आणि ‘के’ करतात.

ज्यांना पाहून शिकायचं आहे त्यांना फाइलची वाट जास्त मानवेल असं मला वाटतं. अभंगाची एक तान किंवा घुमटावरचा एक तुकडा पुन्हा पुन्हा ऐकायचा असेल तर व्हीएलसीत ए-बी रिपीट आहे: तुकड्याच्या सुरुवातीला ए, शेवटाला बी, मग तेवढाच भाग फिरत राहतो. वेग ०.७५ केला तरी स्वर उतरत नाही, त्यामुळे पेटी लावून सोबत म्हणता येतं. वेग कमी करण्याची सोय बऱ्याच ॲपमध्येही आहे. ए-बी रिपीट मात्र क्वचितच सापडतं.

दुसरी गोष्ट टीव्हीची. मंडळातल्या दहाजणांनी फोनभोवती गोळा होण्यापेक्षा पेन ड्राइव्ह टीव्हीला लावणं सोपं, आणि ते फक्त खऱ्या फाइलनेच जमतं. पेन ड्राइव्ह फॅट३२ या जुन्या पद्धतीने फॉरमॅट केलेला असेल तर ४ जीबीपेक्षा मोठी एक फाइल त्यावर जात नाही. जागा रिकामी असूनही संगणक ‘फाइल फार मोठी आहे’ असं म्हणतो. एक्सफॅट या नव्या पद्धतीने फॉरमॅट केला की जाते, पण जुने टीव्ही एक्सफॅट ओळखत नाहीत. अशा टीव्हीसाठी लहान फाइलच बरी. काही टीव्ही डीटीएस आवाजही वाजवत नाहीत, तेव्हा तिथं व्हीएलसी असलेला लॅपटॉप एचडीएमआय केबलने जोडावा.

तेव्हा प्रवासापुरतं, करमणुकीपुरतं पाहायचं असेल आणि नेट रोज मिळत असेल तर ॲपमधलं ऑफलाइन ठीक आहे. व्हिडिओ जपायचा असेल, वाटायचा असेल, रेंजबाहेर किंवा टीव्हीवर लागणार असेल, तर मी तरी फाइलच घेईन. सुरुवातीला आठवडाभर थोडी डोकेदुखी होईल. चवथीच्या (गणेशचतुर्थीच्या) सरावाची फाइल असेल तर उतरल्यावर तिचा आकार मूळ पानावरच्या आकड्याशी ताडून बघा, पेन ड्राइव्हवर घातल्यावर तो ‘सुरक्षित काढा’ म्हणूनच काढा, आणि टीव्हीला लावून सुरुवात नव्हे तर शेवटची दोन मिनिटं वाजवून पाहा. नक्कल अर्धवट झाली असेल तर ती तिथंच पकडली जाते.