ट्रॅक्सस टीआरएक्स-४ डिफेंडर : लॉकर, पोर्टल आणि त्यांची उस्तवार

रिमोटवरची छोटी गाडी खडकावर तिरपी चढली आणि पुढचं एक चाक अधांतरी राहिलं, की उघड्या डिफरन्शियलमध्ये (डिफ, म्हणजे डाव्या-उजव्या चाकाला वेगवेगळ्या वेगाने फिरू देणारे गिअर) ते रिकामं चाकच गरगर फिरत बसतं. दगडावर टेकलेल्या चाकाला जोर मिळतच नाही. म्हणून रिमोटवरच्या बहुतेक क्रॉलरमध्ये, म्हणजे दगडांवर हळू चढणाऱ्या गाड्यांमध्ये, दोन्ही एक्सल कायमचे लॉक असतात. चढायला हे उत्तम, वळायला मात्र वाईट. आतल्या आणि बाहेरच्या चाकाला एकाच वेगाने फिरावं लागतं, त्यामुळे गाडी वळण मोठं घेते आणि टायर घासत जातात.

ट्रॅक्ससने २०१७मध्ये टीआरएक्स-४ आणली ती यावरचा तोडगा घेऊनच. लॉकर, म्हणजे डिफ हवा तेव्हाच लॉक करायची सोय. त्यासाठी रिमोटवरच्या एका बटणाच्या तीन जागा : दोन्ही डिफ उघडे, फक्त पुढचा लॉक, दोन्ही लॉक. जोडीला दोन गिअर आणि चारही चाकांना पोर्टल. १/१० मापाची गाडी, व्हीलबेस (पुढच्या-मागच्या चाकांमधलं अंतर) ३२४ मिमी, २१ टर्नची टायटन ५५० ब्रश मोटर आणि ३एस लिपोपर्यंत (तीन सेलची लिथियम-पॉलिमर बॅटरी) चालणारा एक्सएल-५ एचव्ही ईएससी, म्हणजे मोटरचा वेग सांभाळणारा कंट्रोलर. ही डिफेंडर तयार जोडलेलीच येते. तरी खोक्यातून काढून थेट दगडावर नेऊ नये.

पोर्टल म्हणजे काय ते आधी पाहू, कारण या गाडीचं कौतुक आणि कटकट दोन्ही तिथेच आहेत. साध्या एक्सलचा दांडा थेट चाकाच्या मध्यात जातो. इथे तो चाकाच्या मध्यापेक्षा वर येतो आणि चाकाजवळच्या छोट्या पेटीतले गिअर त्याची ताकद खाली उतरवतात. डिफचा गोळा उंच राहतो, साध्या एक्सलची गाडी जिथे पोटावर अडकते तिथून ही निघून जाते. शेवटची गिअर-घट चाकापाशीच होत असल्याने आतल्या शाफ्टवर ताण कमी येतो आणि जोर लावला की गाडीने एका बाजूला झुकायचं प्रमाणही कमी होतं. पण गाडीचा गुरुत्वमध्य वर सरकतो. शिवाय उघडून साफ करायच्या चार पेट्या वाढतात.

चालवण्याआधी तासभर द्या. धातूत बसणारे स्क्रू, म्हणजे मोटरचे, पिनिअनचा (मोटरच्या दांड्यावरचा छोटा गिअर) ग्रब स्क्रू आणि ड्राइव्हशाफ्टच्या पिना धरणारे, एकेक काढून निळं थ्रेडलॉक (स्क्रू सैल होऊ न देणारा गोंद) लावून परत बसवा. प्लास्टिकमध्ये जाणाऱ्या स्क्रूला थ्रेडलॉक अजिबात नको, त्याने प्लास्टिक ठिसूळ होऊन तडकतं. हे स्क्रू घालताना आधी उलटा फिरवायचा, जुन्या आट्यात टक् करून बसला की मग सुलटा. नाहीतर दर वेळी नवे आटे पडतात आणि चौथ्या-पाचव्या खेपेला स्क्रू नुसता फिरत राहतो. २ आणि २.५ मिमीच्या चांगल्या पोलादाच्या ॲलन की आणि चाकांच्या नटांसाठी ७ मिमीचा पाना एवढ्यावर जवळपास सगळी गाडी उघडते.

लिपो लावणार असाल तर आधी ईएससीवरचा दिवा बघा. हिरवा म्हणजे बॅटरी उतरल्यावर गाडी थांबवणारी सोय चालू, लाल म्हणजे बंद. लाल दिव्यावर लिपो चालवली तर सेल ३ व्होल्टच्या खाली जातो आणि पुढे फुगतो. दोन-चार दिवस गाडी बाहेर काढायची नसेल तर सेलमागे ३.८ व्होल्टच्या आसपास आणून ठेवा. मे महिन्यात बंद कारच्या डिकीत लिपो ठेवू नका.

डिफेंडर दिसते देखणी, पण छतावरचा सांगाडा, स्नॉर्कल (बाजूची उभी हवेची नळी), जॅक, कॅन आणि मागची स्टेपनी हे सगळं वजन वर आणि मागे आहे, म्हणजे नको तिथे. उभ्या चढणीवर गाडी मागे कलंडते ती याने. स्वयंपाकघरातल्या काट्यावर पुढची दोन चाकं ठेवा, मागच्या चाकांखाली काट्याच्याच उंचीच्या वह्या रचा आणि आकडा लिहून घ्या. मग गाडी उलटी फिरवून मागचा. पुढे ५५ ते ६० टक्के यायला हवं. स्टेपनी आणि छतावरचा संसार उतरवला की बराच फरक पडतो. तरी कमी पडलं तर पुढच्या एक्सलवर पितळेची पोर्टल कव्हरं. वजन स्प्रिंगच्या खाली, चाकाजवळ बसवायचं. बंपरमध्ये शिसं भरलं तर ते शॉकना पेलावं लागतं आणि नाक खाली बसतं. मागे पितळ लावायचा मोह आवरा.

पुढे वजन वाढलं की स्टिअरिंगचा सर्व्हो, म्हणजे चाकं वळवणारी छोटी मोटर, रडायला लागतो. दोन दगडांच्या फटीत चाक अडकलेलं असताना ते फिरवायला २० ते २५ किलो-सेंमी जोराचा, धातूच्या गिअरचा सर्व्हो हवा. इथे बरेच जण एक चूक करतात. मोठा सर्व्हो जास्त करंट ओढतो, ईएससीमधून येणारा व्होल्टेज क्षणभर कोसळतो, रिसिव्हर (गाडीतला, रिमोटचा सिग्नल घेणारा) बंद पडून परत चालू होतो आणि गाडी नेमकी कड्यावर असताना ‘सिग्नल गेला’ असं वाटतं. यावर वेगळा बीईसी, म्हणजे बॅटरीचा व्होल्टेज उतरवून सर्व्होला देणारा छोटा भाग, लावायचा. पण मोठ्या सर्व्होसाठीचे ७.४ व्होल्ट रिसिव्हरमधून फिरवलेत तर गिअरचा आणि लॉकरचे छोटे सर्व्होही तेच खातील आणि जळतील. लाल वायर बीईसीवरून थेट मोठ्या सर्व्होला, रिसिव्हरकडे फक्त सिग्नलची आणि काळी वायर. सर्व्होचा हात बसवताना रिमोट चालू करून सर्व्हो मध्यावर आणा, मगच हात लावा. पूर्ण वळणावर गुणगुण ऐकू येत असेल तर तो अडून बसलाय. रिमोटमधून शेवटचं टोक थोडं कमी करा.

आता पाणी आणि चिखल. सह्याद्रीचा काळा बसाल्ट कोरडा असेल तर टायरला झकास पकड देतो, पावसाळ्यात शेवाळ चढलं की साबण. गाडीचं इलेक्ट्रॉनिक्स पाण्याला तोंड देतं, पण हातातला रिमोट वॉटरप्रूफ नाही, तो पिशवीतच हवा. बेअरिंग, पोर्टल आणि मोटर यांनाही तसं अभय नाही. कोकणातली जांभ्याची लाल माती पोर्टलमध्ये शिरली तर ग्रीसचं पॉलिश पेपर होतं.

पाण्यातून आल्यावर त्याच दिवशी एक तरी पोर्टल कव्हर उघडून पाहा. ग्रीस दुधाळ पांढरं दिसलं तर पाणी आत गेलंय, चारही उघडा. जुनं ग्रीस पुसून काढा, बेअरिंग बोटावर फिरवा. वाळू चावल्यासारखं लागलं तर ते टाकूनच द्या, धुऊन वाचवण्यात अर्थ नाही. नवं ग्रीस पाण्याला टिकणारं, मरीन प्रकारचं, गिअरच्या दातांना लागेल इतकंच. ठासून भरलं तर कडेने बाहेर येतं आणि माती धरतं. डब्ल्यूडी-४० मोटरच्या कॅनवर किंवा स्क्रूवर ठीक, बेअरिंगमध्ये मारू नका. ते आतलं ग्रीसच धुऊन नेतं. मोटर सुकली की दोन्ही टोकांच्या बुशला एकेक थेंब पातळ तेल. टायरमधला फोम पाणी पिऊन जड झाला असेल तर टायरच्या मधोमध समोरासमोर २-३ मिमीची दोन भोकं पाडा, चाक फिरलं की पाणी निघून जातं. रिसिव्हरच्या डब्याच्या रबरी सीलला सिलिकॉन ग्रीसचा पातळ हात, दर वेळी डबा उघडल्यावर.

लॉकर केबलने ओढले जातात. केबलच्या नळीत चिखल सुकला की लॉक अर्धवट बसतो किंवा सुटतच नाही, आणि रिमोटवर ते कळत नाही. गाडी उचलून तपासा. उघड्या डिफमध्ये एक चाक हाताने फिरवलं की समोरचं उलटं फिरतं. लॉक असेल तर उलटं फिरूच शकत नाही. बटण दाबल्यावर दात समोरासमोर यावे लागतात, म्हणून अडकल्यावर नाही, अडचण दिसताच लॉक करा आणि थोडं पुढे सरका. गिअरही थांबून किंवा अगदी हळू असतानाच बदला.

घ्यावी का? पायवाटा, ओढे, कॅम्पिंगच्या ठिकाणची भटकंती हा बेत असेल तर नक्की. अशा ठिकाणीच लॉकर आणि दोन गिअर पैसे वसूल करतात. निव्वळ कोरड्या कातळावर चढायचं असेल तर ॲक्सिअल एससीएक्स१० २सारखी साध्या, कायम लॉक एक्सलची गाडी हलकी पडते, आत बिघडायलाही कमी आहे, आणि किटमधून स्वतः जोडली तर कुठला स्क्रू कुठे जातो हे पाठच होतं. टीआरएक्स-४ घेतलीतच तर पहिल्या ऑर्डरमध्येच पोर्टलच्या बेअरिंगचा एक पूर्ण संच, दोन लॉकर केबल आणि ४ मिमीचे नायलॉन नट टाका. ऐन पावसाळ्यात बेअरिंग गेलं आणि पार्सल अजून वाटेत असेल, तर गाडी कपाटावर बसून राहते.