राखेत बसलेली मैफल: 'चेन्नई पोरंबोक पाडल'चा व्हिडिओ

सामाजिक संदेशाचं गाणं म्हटलं की व्हिडिओत काय काय येणार हे आता पाठ झालंय. भेगाळलेली जमीन, स्लो-मोमध्ये रडणारं पोर, काळ्यापांढऱ्यात आजीचे सुरकुतलेले हात. गायक 'पाणी' म्हणाला की नळ, 'माय' म्हणाला की माय. मी नाशिकरोडला लग्नाचे व्हिडिओ एडिट करते. यातला निम्मा माल स्टॉक फुटेजच्या साइटवर तयार मिळतो हे मला चांगलं ठाऊक आहे. 'चेन्नई पोरंबोक पाडल' या तामिळ गाण्याचा व्हिडिओ मला आवडला तो पहिल्यांदा याच कारणाने: शब्दाला चित्र चिकटवत बसण्यावर त्याने आपला डाव लावलेलाच नाही.

गाणं जुनं आहे, जानेवारी २०१७ मध्ये यूट्यूबवर आलं. गायलेत कर्नाटक संगीतातले टी. एम. कृष्णा, शब्द कबेर वासुकीचे, चाल आर. के. श्रीरामकुमार यांची, दिग्दर्शन रतिंद्रन प्रसादचं. याच दिग्दर्शकाने २०१५ मध्ये सोफिया अश्रफचा कोडाईकनालच्या पाऱ्याच्या प्रदूषणावरचा रॅप केला होता. तिथला थर्मामीटरचा कारखाना २००१ मध्ये बंद पडला, रॅप गाजला, आणि २०१६ मध्ये कारखान्याच्या कंपनीने, हिंदुस्तान युनिलिव्हरने, ५९१ माजी कामगारांशी समझोता केला. निव्वळ गाण्यामुळे झाला असं कोणी म्हणू नये, कामगार आधीची कित्येक वर्षं भांडतच होते.

पोरंबोक म्हणजे सरकारदप्तरी कोणा एकाच्या नावावर नसलेली सामाईक जमीन. आपलं गायरान, नदीपात्र, पाणथळ, सगळं त्यात आलं. बोलीत मात्र हा शब्द निकामी माणसाला द्यायची शिवी झालाय. गाण्यातली जागा एन्नोरची खाडी, चेन्नईच्या उत्तरेला, जिथे कोसस्थलैयार नदी समुद्राला मिळते. काठावर औष्णिक वीज केंद्रं आणि बंदर. कोळसा जाळून उरलेली राख पाण्यात कालवून पाइपातून राखेच्या तलावात सोडतात. पाइप गळतात, राख खाडीत उतरते, तळ वर येतो, मासे जातात. शिवाय पावसाचं पाणी समुद्रात सोडायची हीच वाट. डिसेंबर २०१५ च्या पुरात चेन्नई बुडाली, त्यानंतर वर्षभराने हे गाणं आलं. नाशिककराला यात समजावून सांगण्यासारखं फार काही नाही. एकलहऱ्याच्या औष्णिक वीज केंद्राच्या चिमण्या आमच्या भागात गच्चीवरून दिसतात. आपल्या कोळशात तीस-चाळीस टक्के राखच असते, आणि त्या राखेच्या विटांची घरं इथे जिकडेतिकडे आहेत.

आता चित्राकडे. अशा खाडीच्या काठी, मागे चिमण्या ठेवून, कृष्णा आणि साथीदार मैफलीला बसावं तसे बसतात. व्हायोलिन, मृदंगम, मांडी घालून. सभागृहात पडदा, समया आणि हार असतात, त्यांच्या जागी इथे राख आहे. एवढी एकच कल्पना, आणि पुढचं सगळं तिच्या जिवावर चालतं. कारण कर्नाटक मैफलीची बैठक इतकी ठरलेली असते की जागा बदलली तरी माणसं आपली सवय सोडत नाहीत. हात तालावर पडतच राहतो, डोळे मिटतातच. दुःखी दिसायचा प्रयत्न कोणी करत नाही. ज्यांनी लग्नात नवरीला 'थोडं इमोशनल हो ना' असं सांगणारा कॅमेरामन ऐकलाय, त्यांना याची किंमत कळेल.

राखेबद्दल धंद्यातली एक गोष्ट. रंग नीट लागावेत म्हणून आम्ही शूटच्या सुरुवातीला चेहऱ्यापाशी एक राखाडी कार्ड धरतो. राख थेट त्याच रंगाची. आजूबाजूला हिरवं-निळं काही नसलं की माणसाच्या कातडीचा रंग आपसूक उठून येतो, त्याला ग्रेडिंगमध्ये, म्हणजे नंतर कॉम्प्युटरवर रंग बदलताना, ओढून-ताणून आणावं लागत नाही. जागा मेलेली आहे हे दाखवायला वरून निळसर फिल्टर मारायची गरज उरत नाही. आमच्याकडे गरिबी निळी आणि गाव पिवळं करायची पद्धत आहे, क्लाएंट स्वतः मागतात. (राखेत शूट करणं मात्र दिसतं तेवढं सोपं नाही. एका वीटभट्टीजवळ मी एकदा प्री-वेडिंग केलं होतं, जोडप्याला 'रस्टिक' हवं होतं. झूमची रिंग त्यानंतर कितीतरी दिवस करकरत होती.)

मास्कचं मात्र आज वेगळंच झालंय. गायक-वादकांच्या तोंडावर प्रदूषणाचे मास्क दिसतात. गायकाचंच तोंड बांधलेलं, हे २०१७ मध्ये अंगावर येत असणार. माझ्याकडे गोदावरीवरच्या गाण्याचा व्हिडिओ करून घ्यायला पंचवटीतली चार पोरं आली होती, त्यांना रेफरन्स म्हणून हा लावून दाखवला, तर पहिला प्रश्न आला, "ताई, हे लॉकडाउनमधलं का?" दिग्दर्शकाचा यात काही दोष नाही, करोनाने त्याची प्रतिमाच पळवली. पण मला तो मास्क तसाही जरा नाटकी वाटला. राख आणि चिमण्या असताना हवा खराब आहे हे आणखी वेगळं कशाला सांगायचं?

दुसरी तक्रार मोठी आहे. पडद्याचा धनी शेवटपर्यंत कृष्णाच. खाडी ज्यांची, त्यांचा घसा आपल्या कानावर येत नाही. शब्द चेन्नईच्या रस्त्यावरच्या बोलीतले आहेत, आणि ती बोली रागदारीत बसवणं हेच तिथल्या सभांमधल्या, म्हणजे कर्नाटक मैफली भरवणाऱ्या संस्थांमधल्या, रसिकांना टोचणारं असणार. तो चिमटा त्यांना बरोबर बसतो. आपल्यासारख्या तामिळ न कळणाऱ्याला तो अर्धाच पोचतो, कारण डोळे सबटायटल वाचण्यात गुंततात आणि चित्र सुटतं. म्हणून मोबाइलवर बघू नका. आधी एकदा शब्द वाचून घ्या, मग मोठ्या स्क्रीनवर, चांगले हेडफोन लावून, सबटायटल बंद करून बघा.

संगीताचं मला फार कळत नाही, पण एडिटिंगच्या अंगाने एक सांगते. गाणं रागमालिका आहे, आनंदभैरवीपासून सिंधुभैरवीपर्यंत सहा राग. सिंधुभैरवी आपल्या भैरवीच्या जवळची, त्यामुळे शेवटाकडे मैफल उठायची वेळ झाली हे मराठी कानाला न सांगता कळतं. अशा गाण्यात ठेक्यावर कट मारता येत नाहीत. सूर लांबलेला असताना कट मारला तर ऐकणाऱ्याचा श्वास तुटतो. थांबावंच लागतं. आणि थांबलं की प्रेक्षकाची नजर गायकावरून सरकून मागे जाते, जिथे खरा विषय उभा आहे. रील बघून वाढलेल्या माझ्यासारखीला मधे एक-दोनदा पुढे ढकलावंसं वाटलं, हे खरं. लांब आहे. शब्दांत शेवटी गायक स्वतःलाही पोरंबोक म्हणवून घेतो, आणि मग त्या राखेत बसणं अभिनय राहत नाही, पत्ता होतो. तिथपर्यंत मात्र टिका.

आपल्या गोदेवर असं काही व्हावं असं मला फार वाटतं. गोदेचा व्हिडिओ म्हणजे रामकुंडावरून ड्रोन, संध्याकाळची आरती, पाण्यात दिवे. सिंहस्थ तोंडावर आलाय, आता तर असे व्हिडिओ ढिगाने येतील, त्यातले दोन-चार माझ्याच टेबलावरून जातील. घाटाचं काँक्रीट, खाली वाहत गेलेल्या पानवेली, नासर्डी गोदेला मिळते ती जागा, हे कोणी फ्रेममध्ये घेत नाही. पूर किती आला हे आपण दुतोंड्या मारुतीवरून सांगतो, पाणी गुडघ्याला की छातीला. त्या मारुतीला एक फ्रेम द्यायची, कॅमेरा हलवायचा नाही, पखवाजवाला पायाशी बसवायचा आणि गाऊ द्यायचं. पुराचे आकडे स्क्रीनवर लिहायची गरजच पडणार नाही.

पोरांना मी हेच सांगितलं, पैसेही कमी सांगितले. तिघांना पटलंय. चौथ्याला अजून ड्रोन हवाच आहे, त्याच्या मामाचा आहे म्हणे, फुकटात मिळतोय.