फ्लॉरेन्समध्ये घेतलेल्या चामड्याच्या वस्तू: पुण्याच्या पावसाळ्यानंतरचा अनुभव

गेल्या वर्षीच्या शरद ऋतूत आम्ही इटलीतल्या फ्लॉरेन्सला काही दिवस होतो. त्या मुक्कामात मी दोन खांद्याच्या बॅगा, एक कमरेचा पट्टा आणि हातमोज्यांचा एक जोड घेतला. दोन्ही बॅगा मुद्दामच दोन टोकांच्या ठिकाणांहून घेतल्या. एक सान लोरेन्झोच्या रस्त्यावरच्या बाजारातून सुमारे ८५ युरोंना, तर दुसरी सांता क्रोचे चर्चच्या परिसरातल्या एका कारखानावजा दुकानातून सुमारे २४० युरोंना. त्यानंतर पुण्याचा हिवाळा, उन्हाळा आणि संपूर्ण पावसाळा या दोन्ही बॅगा ऑफिसला जाताना आलटून पालटून वापरल्या आहेत, त्यामुळे आता त्यांच्याविषयी काही खात्रीने लिहिता येईल.

फ्लॉरेन्समध्ये खरेदीचे भाग स्पष्ट वेगळे पडतात. व्हिया दे तोर्नाबुओनी हा मोठ्या ब्रँडांचा रस्ता. गुच्चीची सुरुवात १९२१ मध्ये याच शहरात झाली आणि फेरागामोचे दुकान व संग्रहालय याच रस्त्यावरच्या स्पिनी फेरोनी वाड्यात आहे. तेथे काचेतून पाहणे फुकट आहे, एवढेच मी म्हणेन. पोन्ते वेक्कियो पुलावर खाटकांना हटवून १५९३ मध्ये सोनारांना बसवले गेले आणि आजही तेथे दागिन्यांचीच दुकाने आहेत. पण आपल्याकडे २२ कॅरटची सवय असलेल्यांना तेथील १८ कॅरटचे सोने आणि त्यावरची मजुरी पाहून फारसा मोह होणार नाही. चामड्यासाठी मात्र सान लोरेन्झो, सांता क्रोचे आणि नदीपलीकडचा ओल्त्रार्नो हे तीन भाग पायी फिरावेत. पत्ते शोधताना एक गोष्ट लक्षात असू द्यावी: या शहरात दुकानांचे क्रमांक लाल आणि घरांचे क्रमांक निळे किंवा काळे असे दोन वेगळे क्रम चालतात. पत्त्यात आकड्यापुढे ‘आर’ हे अक्षर असेल तर तो लाल क्रमांक समजावा. अन्यथा आपण योग्य रस्त्यावर, पण भलत्याच दारासमोर उभे असतो.

दुकानात शिरण्याआधी कातडे कशाने कमावले आहे हे विचारण्याची सवय लावावी, कारण किमतीतला बराचसा फरक तेथूनच सुरू होतो. जगातले बहुतेक कातडे आज क्रोमियमच्या क्षारांनी कमावले जाते. ते काम झटपट होते, कातडे मऊ राहते आणि हवा तो रंग घेते. टस्कनी प्रांतात मात्र फ्लॉरेन्स आणि पिसा यांच्या दरम्यानच्या सांता क्रोचे सुल्लार्नो या गावाच्या आसपास (शहरातल्या सांता क्रोचे चर्चशी याचा संबंध नाही) चेस्टनट, मिमोसा, केब्राचो अशा झाडांच्या अर्कांत कातडे आठवडेच्या आठवडे मुरवण्याची पद्धत अजून टिकून आहे. आपल्याकडे कोल्हापुरी चपलेचे कातडे बाभळीची साल आणि हिरडा वापरून कमावतात, त्याच जातीची ही प्रक्रिया आहे, आणि त्या वासाची ओळख असलेल्या माणसाला ही बॅग नाकाजवळ नेताच पटते. तेथील कारखान्यांच्या संघाचे क्रमांकित प्रमाणपत्र अशा वस्तूंसोबत लटकवलेले असते. ते मागून पाहावे. केवळ ‘वेरा पेल्ले’ असा शिक्का असेल तर वस्तू खऱ्या चामड्याची आहे एवढेच कळते. कातड्याचा कोणता थर वापरला आहे आणि त्यावर रंगाचे किती लेप चढवले आहेत, याबद्दल तो शिक्का काहीही सांगत नाही.

आता प्रत्यक्ष वापराबद्दल. बाजारातली बॅग पहिले काही महिने अधिक देखणी दिसत होती, हे मान्य केले पाहिजे. रंग एकसारखा गडद लाल, पृष्ठभाग गुळगुळीत, वजनाला हलकी. उन्हाळा संपत आला तेव्हा तिच्या खांद्यावरच्या पट्ट्याच्या कडेवरचा रंग जेथे बक्कल घासते तेथे तडकला आणि नखाने खरवडल्यावर पापुद्र्यासारखा निघू लागला. त्याखाली चामड्याचे दोन पातळ पदर आणि मध्ये राखाडी, पुठ्ठ्यासारखा भराव दिसला. म्हणजे हाताला जाड लागणारा पट्टा चामड्यामुळे जाड नव्हताच. पुढे आतल्या खणाचे अस्तर शिवणीपासून सुटले आणि चेन अडकू लागली. आमच्या भागातल्या चांभारकाकांनी चेनचा सरकता तुकडा बदलून दिला, अस्तर पुन्हा शिवले आणि कडेला काळा रंग लावला. आता ती बॅग भाजी आणि पुस्तके आणण्याच्या कामाची राहिली आहे.

सांता क्रोचेजवळच्या दुकानातल्या बॅगेला अस्तरच नाही. आतून कातड्याची खरखरीत बाजू तशीच ठेवली आहे, कडा रंगवण्याऐवजी घोटून गुळगुळीत केल्या आहेत आणि टाके जाड, मेण लावलेल्या दोऱ्याचे आहेत. घेतली तेव्हा तिचा रंग फिकट मधासारखा होता. आज झाकणाचा जो भाग हाताने सतत उघडला जातो तो गडद तपकिरी झाला आहे, तर मागची बाजू अजून बरीच फिकी आहे. काहींना हे मळकट वाटेल, मला आवडते. एकही टाका सुटलेला नाही.

तथापि पावसाच्या बाबतीत महागडी बॅग स्वस्त बॅगेपेक्षा कमी पडली, आणि ही गोष्ट दुकानदार आपणहून सांगत नाहीत. वनस्पतींच्या अर्काने कमावलेले कातडे पाणी पटकन शोषते. जूनमधल्या पहिल्याच वळिवात झाकणावर पाण्याचे ठिपके उमटले. त्यांतले बरेच पुढे आपोआप फिकट झाले, पण दोन-तीन कायमचे राहिले आहेत. बाजारातल्या बॅगेवरून तेच पाणी घरंगळून गेले, कारण तिच्यावर रंगाचा जाड लेप आहे. जुलैत दमट हवेने कपाटातल्या बॅगेच्या तळाशी पांढरी बुरशीही धरली. कोरड्या फडक्याने पुसून, आत वर्तमानपत्राचे बोळे भरून, सावलीत पंख्याखाली वाळवल्यावर ती गेली. त्यानंतर बॅग प्लॅस्टिकच्या पिशवीत न ठेवता जुन्या सुती ओढणीत गुंडाळून ठेवते आणि महिन्यातून एकदा मेणाचे मलम अगदी कमी लावते. मुंबई किंवा कोकणात राहणाऱ्यांनी फिकट रंगाची अशी बॅग घेऊ नये; गडद तपकिरी किंवा काळी घ्यावी, किंवा पावसाळाभर ती सरळ आत ठेवावी.

कमरेच्या पट्ट्याबद्दल लिहिण्यासारखे थोडे आहे: एकाच जाड कातड्याचा, दुकानातच कमरेच्या मापाने कापून दिलेला, आणि आजही सरळ. हातमोजे कन्येसाठी पोन्ते वेक्कियोच्या दक्षिण टोकाशी असलेल्या मादोव्हा या दुकानातून घेतले. हे घराणे १९१९ पासून केवळ हातमोजे बनवते. मापे सहा, साडेसहा, सात अशी अर्ध्या आकड्याने वाढतात, आणि विक्रेती गिऱ्हाइकाचे कोपर गादीवर टेकवून हातमोजा स्वतः त्याच्या बोटांवर चढवून पाहते. कन्या टोरांटोला शिकते. तिच्या मते उबेसाठी आत लोकरीचे अस्तर असलेलाच जोड घ्यावा, रेशमी अस्तर तेथील थंडीला पुरत नाही.

खरेदीच्या व्यवहाराविषयी थोडे. घासाघीस बाजारातल्या स्टॉलवर चालते, दुकानात नाही. स्टॉलवर पहिला सांगितलेला भाव पाठ फिरवल्याबरोबर उतरतो, आणि रोख दिल्यास आणखी उतरतो. मात्र पावती मागितल्यावर माझ्या विक्रेत्याचा चेहरा पडला, हेही नोंदवून ठेवते. रस्त्यावर चादर पसरून विकले जाणारे नकली ब्रँड घेऊ नयेत, कारण इटलीत नकली माल विकत घेणाऱ्यालाही ७,००० युरोंपर्यंत दंड होऊ शकतो. घाई नसेल तर जानेवारीच्या पहिल्या आठवड्यात किंवा जुलैच्या सुरुवातीला लागणाऱ्या सेलमध्ये जावे. तेव्हा मूळ किंमत, सवलतीचा टक्का आणि उरलेली किंमत चिठ्ठीवर लिहिलेली असते.

युरोपीय संघाबाहेरच्या पर्यटकांना खरेदीवर मिळणाऱ्या करपरतीची किमान मर्यादा फेब्रुवारी २०२४ पासून १५४.९४ युरोंवरून ७० युरोंवर आली आहे, त्यामुळे एका दुकानातली एखादी बॅगही आता त्यात बसते. पासपोर्ट सोबत ठेवून दुकानातच अर्ज भरून घ्यावा लागतो. कर २२ टक्के असला तरी तो किमतीत धरलेला असतो, म्हणून २४० युरोंमध्ये तो सुमारे ४३ युरो भरतो, आणि मध्यस्थ कंपनीचे शुल्क वजा जाता माझ्या कार्डावर तीसच्या आसपासच जमा झाले. कस्टम्सची मंजुरी युरोपीय संघ सोडण्याच्या शेवटच्या विमानतळावर घ्यायची असते. आम्ही रोमहून थेट निघाल्याने ती तेथील फ्युमिचिनो विमानतळावर मिळाली. अधिकारी वस्तू दाखवायला सांगू शकतो, म्हणून मंजुरी मिळेपर्यंत ती सामानात चेक-इन करू नये आणि वापरायलाही काढू नये.